यंदा हरणं किती? विस्कॉन्सिनच्या शिकारी सीझनची गोष्ट

या भागाचं निमित्त एका श्रोत्याची मेल आहे. ते अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरी करतात. त्यांनी लिहिलंय, "ऑक्टोबर लागला की ऑफिसात एकच विषय. यंदाचा डिअर सीझन कसा जाणार? कोणी म्हणतं हरणं भरपूर आहेत, कोणी म्हणतं जंगल रिकामं झालंय. सरकारी खातं आकडे देतं, त्यावर कोणाचा विश्वास नाही. हे दरवर्षी असंच असतं का?"

तर उत्तर आहे, हो. दरवर्षी असंच असतं, आणि गेली ऐंशी वर्षं तरी असंच चाललंय. आज त्याचीच गोष्ट सांगतो. शिकार योग्य की अयोग्य हा वाद आज बाजूला ठेवू. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर गुन्हाच येतो. तिकडे मात्र ती परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत करायची गोष्ट आहे. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मुख्य सीझन नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. पाच लाखांहून जास्त माणसं त्या नऊ दिवसांत भगव्या रंगाची जाकिटं घालून जंगलात जातात. भगवी का, तर एकमेकांना हरीण समजून गोळी घालू नये म्हणून. तिथे तसा नियमच आहे.

आता हे हरीण कोणतं? पांढऱ्या शेपटीचं, म्हणजे व्हाइटटेल. घाबरलं की शेपूट उभी करून पळतं, आणि खालची पांढरी बाजू झेंड्यासारखी दिसते. नराला शिंगं येतात ती दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात, आपल्या चितळ-सांबरासारखीच.

आज अख्ख्या अमेरिकेत ही हरणं साधारण 3 कोटी असावीत. पण 1900 च्या आसपास ती जेमतेम 3 ते 5 लाख उरली होती. कारण बाजार. रेल्वे आली, बर्फाचे डबे आले, आणि जंगलातलं मांस थेट शिकागोच्या हॉटेलांत जायला लागलं. मांस विकून पोट भरणारे शिकारी बाराही महिने मारत सुटले. मग कायदे आले. विस्कॉन्सिनमध्ये 1897 साली पहिल्यांदा परवाना लागला, राज्यातल्या माणसाला 1 डॉलर. 1900 साली देशपातळीवर लेसी कायदा झाला आणि बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यातला व्यापार बंद झाला. 1915 साली विस्कॉन्सिनने ठरवलं की मारायचा तर फक्त नर. मादीला हात लावायचा नाही.

हा नियम लोकांच्या मनात इतका खोल बसला की तो कायदा न राहता धर्मच झाला. मादी मारणारा तो हलकट, असं दोन पिढ्या मुलांना शिकवलं गेलं. आणि त्याचा परिणामही दिसला. हरणं वाढली. त्यात भर म्हणजे उत्तर विस्कॉन्सिनमधलं जुनं पाइनचं जंगल लाकूड कंपन्यांनी तोडून नेलं होतं. तोडलेल्या जागी कोवळी झुडपं उगवली, म्हणजे हरणांना ताट वाढून ठेवल्यासारखं झालं. त्यांना खाणारे लांडगे तर इनाम लावून मारले जात होते.

इथे आपल्या गोष्टीत एक माणूस येतो. आल्डो लिओपोल्ड. वनखात्यातला अधिकारी, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक, आणि स्वतः पक्का शिकारी. तरुणपणी न्यू मेक्सिकोत असताना त्याने लांडगे संपवायची मोहीम हिरिरीने चालवली होती. हिशोब सोपा होता. लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, आणि हरणं जास्त म्हणजे शिकाऱ्याची चैन. पण नंतर त्याने हरणांनी साफ केलेले डोंगर पाहिले. 1935 साली तो जर्मनीला गेला, तिथली हरणांनी पोखरलेली जंगलंही पाहिली. आपला तरुणपणीचा हिशोब चुकला होता हे त्याने मान्य केलं, आणि 1944 साली तसं लिहूनही ठेवलं.

1942 साली राज्याने हरणांचा प्रश्न तपासायला नागरिकांची एक समिती नेमली. अध्यक्ष लिओपोल्ड. आता उत्तरेकडचा हिवाळा कसा असतो ते जरा डोळ्यांसमोर आणा. बर्फ गुडघ्याच्या वर गेला की हरणं विखुरलेली राहत नाहीत. ती दाट सदाहरित झाडांच्या सखल भागात गोळा होतात. याला तिकडे यार्ड म्हणतात. तिथे वारा कमी लागतो, पण तोंडाला येईल तेवढंच खायला मिळतं. समितीने जे पाहिलं ते असं, की हरणाची मान पोचते त्या उंचीपर्यंत झाडांची पानं एका रेषेत साफ झालेली, वर हिरवं, खाली काटक्या. आधी पाडसं मरतात, कारण त्यांची मान पोचत नाही. काही मेलेल्या हरणांची पोटं भरलेली असतात, पण ज्यातून पोषण मिळत नाही असल्या काटक्यांनी.

म्हणजे 1943 चा लिओपोल्डचा अंदाज काय होता? की हरणं खूप जास्त आहेत, जंगल त्यांना पोसू शकत नाही, आणि आपण माद्या मारल्या नाहीत तर हिवाळा त्या मारेल. शिकाऱ्यांचा अंदाज काय होता? की हरणं आहेत ती कशीबशी वाचवलेली आहेत, आणि हे प्राध्यापक ती संपवायला निघालेत.

मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही बाजू खोटं बोलत नव्हत्या. शिकाऱ्याने आपल्या बापाकडून रिकाम्या जंगलाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. मादी वाचवली म्हणून हरणं परत आली, हा त्याचा स्वतःच्या घरातला अनुभव होता. शिवाय तो नोव्हेंबरात जंगलात जायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये यार्डात हरणं मरतात तेव्हा तो तिथे नसायचा. त्याने न पाहिलेली गोष्ट त्याला कोणीतरी आकड्यांत सांगत होतं.

त्याच वर्षी लिओपोल्डला राज्याच्या सहा जणांच्या संवर्धन आयोगावर घेतलं, आणि आयोगाने वेगळाच सीझन लावला. नोव्हेंबरात आधी चार दिवस शिंगवाले नर, मग थोडी विश्रांती, मग चार दिवस बिनशिंगांची हरणं, म्हणजे माद्या आणि पाडसं. एकूण सुमारे 1 लाख 28 हजार हरणं मारली गेली, आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. लोक हादरले. या सीझनला '43 चा गुन्हा' असं नाव पडलं. 'सेव्ह विस्कॉन्सिन्स डिअर' नावाचं वर्तमानपत्रच निघालं, आणि त्यात लिओपोल्डवर सडकून टीका व्हायची. 1944 साली आयोगाने माघार घेतली. पुन्हा फक्त नर.

लिओपोल्ड आयोगावर राहिला, बोलत राहिला, मतदानात हरत राहिला. 21 एप्रिल 1948 रोजी शेजाऱ्याच्या जमिनीवर लागलेला वणवा विझवताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. पुढच्याच वर्षी, 1949 साली, राज्याने माद्यांची शिकार पुन्हा खुली केली, आणि 1950, 1951 लाही ती चालू राहिली. त्याचं म्हणणं पटलं, पण ते पटलेलं पाहायला तो नव्हता.

आता पुढचा भाग जरा कोरडा वाटेल, पण खरी गंमत त्यातच आहे. प्रश्न असा, की जंगलातली हरणं मोजायची कशी? आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात. ज्या प्रदेशात पावलोपावली तळं आणि ओढे आहेत तिथे हे चालायचं नाही. विस्कॉन्सिनने शिकाऱ्यालाच मोजणारा केला. 1953 पासून प्रत्येक मारलेलं हरीण नोंदणी केंद्रावर नेऊन दाखवणं सक्तीचं झालं. ही केंद्रं म्हणजे बहुतेक गावातले पेट्रोलपंप, गुत्ते, दुकानं. तिथे खात्याची माणसं हरणाचा जबडा उघडून दात बघायची. दातांच्या झिजेवरून वय ओळखायची पद्धत 1949 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सेव्हरिंगहाऊस नावाच्या संशोधकाने मांडली होती.

वयाचा उपयोग काय? समजा, मारलेल्या दर 100 प्रौढ नरांपैकी 70 नर दीड वर्षांचे निघाले. म्हणजे म्हातारे नर उरतच नाहीत, दरवर्षी बहुतेक नर मरतात. मग मारलेल्या नरांच्या आकड्यावरून एकूण नर किती होते याचा अंदाज बांधता येतो. त्यावरून माद्या, आणि एका मादीमागे किती पाडसं दिसतात त्यावरून पाडसं. हा झाला खात्याचा आकडा. त्याला जोड हिवाळ्याच्या मोजमापाची. 1 डिसेंबर ते 30 एप्रिल या काळात ज्या दिवशी बर्फ दीड फूट किंवा जास्त त्याचा एक गुण, ज्या दिवशी पारा उणे 18 सेल्सिअस किंवा खाली त्याचाही एक गुण. बेरीज 50 च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य. 100 च्या पुढे गेली तर फार कडक, आणि मग उत्तरेकडच्या शिकाऱ्यांनी अपेक्षा कमी ठेवलेली बरी.

जवळजवळ पन्नास वर्षं हे बऱ्यापैकी चाललं. कुरकुर होती, पण शिकारी स्वतः हरीण घेऊन केंद्रावर जायचा, चार लोकांची हरणं बघायचा, फळ्यावरचा आकडा वाचायचा. आकड्यात त्याचा हात होता. 2000 साली तर सगळे सीझन धरून 6 लाखांहून जास्त हरणं नोंदली गेली. आजवरचा तो उच्चांक.

आणि मग 2002 उजाडलं. राज्याच्या दक्षिण भागातल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदूचा रोग, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, त्यावर औषध नाही. हरीण झिजत झिजत मरतं. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नका असा सल्ला आहे. खात्याने ठरवलं की सुमारे 400 चौरस मैलांतली सगळी हरणं संपवायची. शास्त्राच्या दृष्टीने विचार समजण्यासारखा होता. पण लोकांना 1943 आठवलं. जमीनमालकांनी सहकार्य नाकारलं, अनेकांनी त्या वर्षी परवानाच काढला नाही. रोग आटोक्यात आला नाही. आज नैर्ऋत्येच्या काही भागांत प्रौढ नरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नर बाधित सापडतात.

त्याच काळात आणखी एक नियम गाजला. आधी मादी मारा, मगच नर मारायची परवानगी. 1996 साली आलेला हा नियम हरणं कमी करायला फार उपयोगी होता, आणि तितकाच नावडता. 2011 साली विधिमंडळाने तो रद्दच केला. 2014 पासून जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक लोकांच्या समित्या आल्या. आपल्या जिल्ह्यात हरणं वाढवायची, तेवढीच ठेवायची की कमी करायची, याची शिफारस त्या करतात. शेतकरी म्हणतो कमी करा, माझा मका खातात. शिकारी म्हणतो वाढवा. आपल्याकडे रोही आणि रानडुकरांवरून होणाऱ्या बैठका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

गंमत म्हणजे 2015 साली नोंदणी ऑनलाइन झाली. सोय झाली, यात शंका नाही. पण हरीण गाडीवर टाकून केंद्रावर जायचं, तिथे गप्पा मारायच्या, जबडा बघणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे, हे बहुतेक ठिकाणी संपलं. मला वाटतं, विश्वास बसायची ती एक जागा होती आणि ती नकळत गेली.

तर मेल लिहिणाऱ्या श्रोत्यांना माझं उत्तर. पुढच्या वेळी सहकारी म्हणाला की यंदा हरणंच नाहीत, तर त्याला खोटं पाडू नका, दोन-तीन प्रश्न विचारा. ओकची फळं यंदा खूप धरली आहेत का? धरली असतील तर हरणं जंगलातच पोट भरतात, फिरत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. मका अजून शेतात उभा आहे का? मग ती मक्यात लपलेली असतील. मागचे दोन हिवाळे कसे गेले? तो उत्तरेत बसतो की दक्षिणेत? उत्तरेत 1970 च्या दशकात मिनेसोटाकडून लांडगे परत आलेत, आणि हरणं कमी दिसली की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. बर्फाचा हिशोब मात्र बोलण्यात मागेच राहतो.

आणि मग त्याला हेही विचारा, की त्याच्या आजोबांनी 1943 बद्दल काही सांगितलंय का. त्या पिढीतल्या घरांत ती गोष्ट अजून निघते. अंदाज बरोबर असणं पुरत नाही, हे लिओपोल्डला त्या वर्षी कळलं. ज्याला तो ऐकवायचा, त्याने यार्डातली मेलेली पाडसं स्वतः पाहिलेली असावी लागतात.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे अशा काही गोष्टी असतील, तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.