जठरातील फुगा व सोनोग्राफी

वजन घटवण्यासाठी दुर्बिणीतून जठरात सोडलेल्या सिलिकॉनच्या फुग्यामुळे होणारे उपद्रव ध्वनिलहरींनी ओळखण्याची तपासणी. जठरात ठेवायचा पहिला फुगा अमेरिकेत 1985 मध्ये मान्य झाला. तो दंडगोलाकार व हवेचा होता आणि त्याच्या कडांनी जठराला इजा होत असल्याने मागे पडला. आज रूढ असलेला फुगा गोल असतो. त्यात सुमारे 400 ते 700 मिलिलिटर सलाइन भरतात, बहुधा मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग मिसळून. त्यामुळे फुगा फुटला की लघवी निळी-हिरवी होते. तो साधारण सहा महिन्यांनी काढावाच लागतो.

द्रवातून ध्वनिलहरी सहज जातात, म्हणून शाबूत फुगा पडद्यावर काळ्या वर्तुळासारखा दिसतो, भोवती पांढरी, चकचकीत कड. गळती झाली की वर्तुळ चेपते, कडेला घड्या पडतात. रिकामा फुगा लहान आतड्यात उतरून अडकला, तर त्याच्या अलीकडची वेटोळी फुगून त्यांतील द्रव मागे-पुढे हलताना दिसतो. स्वादुपिंडावर दाब येऊन आलेली सूजही कधी कधी कळते. या तपासणीत किरणोत्सर्ग नाही आणि ती रुग्णाच्या खाटेपाशी करता येते, हा तिचा मोठा गुण.

मात्र पोटावरील जाड चरबी आणि आतड्यातील वायू चित्र झाकतात. हवा भरलेल्या फुग्यासाठी ही तपासणी फारशी उपयोगी नाही. जठराला छिद्र पडल्याची शंका असल्यास सीटी स्कॅनच करावा. फुगा बसवलेल्या व्यक्तीने न थांबणारी उलटी, पोटातील तीव्र कळ किंवा निळसर लघवी दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.