घरातील वीजवापर आधी कमी करा, मग सौर संयंत्र निवडा

पंडरीत (रायपूर) आपले स्वतःचे घर असेल आणि ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’तून छतावर सौर संयंत्र बसवायचे असेल, तर आधी घरातील वीजवापर तपासा. छत्तीसगडमधील बहुतांश वीज कोळशापासून तयार होते. एक युनिट वाचवल्यास सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड टळतो.

वापर कसा कमी होईल?
• 60 वॅटच्या बल्बऐवजी 9 वॅटचा एलईडी : रोज 5 तास वापरल्यास महिन्याला सुमारे साडेसात युनिटची बचत.
• 75 वॅटच्या पंख्याऐवजी 30 वॅटचा बीएलडीसी पंखा : रोज 12 तास चालल्यास सुमारे 16 युनिटची बचत.

किती क्षमतेचे संयंत्र घ्यावे?
• महिना 150 युनिटपर्यंत : 1 ते 2 किलोवॅट, केंद्राचे अनुदान 30,000 ते 60,000 रुपये.
• 150 ते 300 युनिट : 2 ते 3 किलोवॅट; अनुदान 60,000 ते 78,000 रुपये.

उदाहरणार्थ, महिना 180 युनिट लागणाऱ्या घरात वरीलप्रमाणे दोन पंखे बदलल्यास वापर 150 च्या आत येतो. मग लहान संयंत्र पुरते.

हे लक्षात ठेवा
• अनुदान संयंत्र सुरू झाल्यानंतर बँक खात्यात जमा होते. सुरुवातीचा खर्च स्वतः किंवा बँकेच्या कर्जातून करावा लागतो.
• अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करावा. वीजबिल सोबत ठेवा.
• आपण भाडेकरू असाल, तर छत आपले नसले तरी बल्ब आणि पंखे बदलून बिल कमी करता येते.