लेप्टिन
मेद पेशी रक्तात सोडत असलेले १४६ ॲमिनो अम्लांचे प्रथिन हॉर्मोन. बालकांतील स्थूलतेचे एक रक्तदर्शक. ‘लेप्टॉस’ (सडपातळ) या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये याचे जनुक शोधले. अखंड खाणारे आणि फुगत जाणारे उंदीर त्यापूर्वीच माहीत होते. त्यांच्यात याच जनुकात बिघाड असतो.

मेद वाढला की रक्तातील लेप्टिन वाढते आणि मेंदूतील अधश्चेतकाला तृप्तीचा संदेश जातो. स्थूल मुलांत मात्र पातळी उंच असूनही भूक आवरत नाही. यास लेप्टिनरोध म्हणतात (पहा : इन्शुलिनरोध). उलट उदाहरण दुर्मिळ, पण फार बोलके आहे. १९९७ मध्ये नोंदलेल्या, एकमेकांच्या नात्यातील दोन मुलांत लेप्टिन जवळजवळ नव्हतेच : आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किग्रॅ., तर दोन वर्षांच्या मुलाचे २९ किग्रॅ. होते. पुढे लेप्टिनच्या रोजच्या इंजेक्शनांनी मुलीची भूक आणि मेद दोन्ही उतरले.

वयात येताना मुलींत पातळी वाढते, मुलग्यांत घटते. शिवाय ती रात्री चढते. त्यामुळे वय, लिंग आणि नमुन्याची वेळ न पाहता एकच आकडा वाचणे चुकीचे ठरते. मेद पेशींचेच दुसरे हॉर्मोन ॲडिपोनेक्टिन स्थूलतेत घटते, म्हणून दोन्ही जोडीने मोजतात. पुणे व लंडन येथील नवजातांच्या नाळरक्ताच्या तुलनेत (२००२) पुण्याची बाळे वजनाने हलकी, तरी त्यांच्यात इन्शुलिन अधिक व ॲडिपोनेक्टिन कमी आढळले (पहा : मधुमेह, शरीरवस्तुमान निर्देशांक).