मंगळाची हवा गेली कुठं? पृथ्वीची कशी टिकली?

मंगळावर कोरड्या नद्यांची पात्रं आहेत. यानांनी काढलेल्या फोटोंत ती उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखीच दिसतात, वळणं घेत गेलेली. साधारण साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी तिथं पाणी वाहत होतं. पण पाणी वाहायचं तर डोक्यावर हवेचा दाब लागतो. आज मंगळावरचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्याशा दाबात पाणी शून्य अंशाच्या आसपासच उकळून वाफ होतं. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या पुढे उकळतं, त्याच्या बरोबर उलटं. म्हणजे हवा गेली आणि तिच्या पाठोपाठ पाणीही.

हवेला ना पिशवी, ना झाकण. तिला धरून ठेवतं ते ग्रहाचं गुरुत्वाकर्षण. वर भिरकावलेला दगड खाली येतो. पण हवेचा अडथळा सोडून दिला आणि दगड सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगानं फेकला, तर तो पृथ्वीवर परत येणार नाही. याला मुक्तिवेग म्हणतात. मंगळाचा मुक्तिवेग ५ किलोमीटर आहे, चंद्राचा फक्त २.४.

आता हवेचे कणही काही गप्प बसलेले नसतात. आपल्या घरातल्या हवेत नायट्रोजनचा कण सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर पळतो. हायड्रोजन हलका, तो त्याच तापमानाला दोन किलोमीटरच्या जवळ जातो. खाली कणांची दाटी, एकमेकांवर आदळून ते तिथल्या तिथंच राहतात. पण पाचेकशे किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ, की वाटेत आडवं यायला कोणी नसतं. शिवाय तिथले कण उन्हानं शेकडो अंश तापलेले. त्यातला जो मुक्तिवेगाच्या पुढे पळाला, तो कायमचा गेला.

मळणीयंत्र आल्यापासून तरुण पोरांनी उफणणी पाहिली नसेल. वावडीवर उभं राहून धान्य वाऱ्यावर सोडलं की भुसा उडून जातो, दाणा पायाशी पडतो. ग्रहांचंही तसंच. पृथ्वीवरून आजही सेकंदाला सुमारे ३ किलो हायड्रोजन आणि थोडा हेलियम निसटतो. एकूण हवेच्या मानानं हे काहीच नाही. जड नायट्रोजन आणि ऑक्सिजन मात्र राहतात.

नुसतं वजनावरही सगळं ठरत नाही. शनीचा उपग्रह टायटन, त्याचा मुक्तिवेग चंद्रापेक्षा जरासाच जास्त. तरी तिथं हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट आहे. कारण थंडी. उणे १८० अंशांच्या आसपास कण मंद पडतात. चंद्र उन्हात तापतो, त्याच्याकडे हवा जवळपास नाहीच.

मंगळावर आणखी एक गोष्ट घडली. त्याचं वजन पृथ्वीच्या जेमतेम दहावा हिस्सा, त्यामुळं त्याचं पोट लवकर निवलं आणि चुंबकीय क्षेत्र बंद पडलं. सूर्याकडून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं येणारा कणांचा वारा थेट वरच्या हवेवर आदळू लागला.

चुंबकीय क्षेत्र गेलं की हवा गेलीच, असं मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये सांगतात. ते तितकं सरळ नाही. शुक्राकडे स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी तिथला दाब पृथ्वीच्या ९० पट आहे. तो आकारानं पृथ्वीएवढा आणि त्याची हवा जड कार्बन डायऑक्साइडची.

मंगळाच्या हवेचा हिशेब लावायला अमेरिकेचं मेव्हन यान सप्टेंबर २०१४ मध्ये तिथं पोचलं. आपलं मंगळयान दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबरला पोचलं. त्यावरच्या मेन्का या उपकरणानंही तिथली वरची विरळ हवा तपासली.

मेव्हननं आर्गॉन वायू मोजला. तो कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून गेला असेल तर वर अवकाशातच गेला. त्यात हलका आणि जड असे दोन प्रकार असतात. खळ्यात उरलेल्या ढिगावरून किती भुसा उडाला ते ओळखावं, तसं हलका किती कमी झाला यावरून २०१७ मध्ये हिशेब निघाला. मंगळावरचा सुमारे ६५ टक्के आर्गॉन उडून गेलेला आहे. सध्याही सेकंदाला साधारण १०० ग्रॅम हवा निसटते, सौर वादळात आणखी जास्त.

पाणी मात्र सगळंच गेलेलं नाही. ध्रुवांवर आणि मातीखाली ते बर्फ होऊन अजून पडून आहे.