भयभेरव सुत्त आणि भयाची चिकित्सा

मज्झिमनिकायातील चौथे सुत्त 'भयभेरव सुत्त' या नावाने ओळखले जाते. प्रसंग श्रावस्तीच्या जेतवनातील आहे. जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण तथागतांना म्हणतो की, अरण्यातील एकान्तवास दुःसह असतो; ज्याचे चित्त समाहित नाही, त्याचे मन अरण्य हिरावून घेते. तथागत हे नाकारीत नाहीत. बोधिप्राप्तीपूर्वी आपणासही असेच वाटत होते, असे ते प्रांजळपणे सांगतात.

त्या काळी लोक भयाचे मूळ बाहेर शोधीत असत. भयग्रस्त माणसे पर्वत, वने, उद्याने आणि वृक्षचैत्ये यांना शरण जातात, याची नोंद धम्मपदाच्या बुद्धवग्गात (गाथा 188-189) आहे आणि असे शरण क्षेमकारक नाही, असा निर्णयही तेथेच दिला आहे. प्रस्तुत सुत्त भयाचे मूळ माणसाच्या आचरणात आणि चित्तात शोधते. अशुद्ध कायकर्म, वाचाकर्म, मनोकर्म व आजीविका यांपासून प्रज्ञाहीनतेपर्यंत सोळा कारणे त्यात क्रमाने सांगितली आहेत. भयाच्या या मीमांसेत यक्षाला वा पिशाचाला स्थान नाही.

यानंतर सुत्तात एका प्रयोगाचे वर्णन येते. पक्षाची अष्टमी, चतुर्दशी आणि पंचदशी या रात्री लोकमानसात भीतिदायक मानल्या जात. बोधिसत्त्वाने नेमक्या त्याच रात्री निवडल्या आणि अंगावर काटा आणणाऱ्या वनचैत्यांत व वृक्षचैत्यांत वास केला. एखादे हरिण जवळ येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि मनात भय उभे राही. तेव्हा त्याने विचार केला : मी भयाचीच वाट पाहत का राहावे? ते ज्या अवस्थेत येईल, त्याच अवस्थेत त्याचे निवारण का करू नये? चंक्रमण करताना भय आले, तर ते शमेपर्यंत तो थांबला नाही, बसला नाही की आडवा झाला नाही. बसलेला असताना आले, तर उठला नाही. पलायन करावयाचे नाही, हेच या पद्धतीचे सूत्र होय.

मेत्त सुत्ताच्या अट्ठकथेतील कथाही याच दिशेची आहे. वनात भ्यालेले भिक्खू परत आले असता तथागतांनी त्यांना दुसरी जागा दिली नाही. मैत्रीभावना शिकवून त्याच वनात परत पाठविले.

आधुनिक मानसशास्त्र या मार्गावर फार उशिरा आले. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो खात असताना ससा हळूहळू जवळ आणून त्याचे भय घालविण्यात आले होते. 1958 साली जोसेफ वोल्पे यांनी अशा क्रमिक उपचाराची शास्त्रीय मांडणी केली. श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डी सिल्वा यांनी 1984 साली पाली वाङ्मयातील उपाय आणि वर्तनोपचार यांतील साम्य दाखविले. परंतु साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. आधुनिक उपचार लक्षणापासून आरंभ करतो, तर सुत्त शीलापासून.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. याच सुत्तात तथागत म्हणतात की, काही श्रमण रात्रीला दिवस आणि दिवसाला रात्र समजतात. तो संमोह होय. म्हणजे भय काल्पनिक आहे की वास्तविक, हा विवेक प्रथम करावा लागतो. सब्बासव सुत्तात तर चवताळलेला हत्ती, कुत्रा, साप यांना टाळावे, असेच सांगितले आहे. गावातील अत्याचाराचे भय हा मनाचा भ्रम नव्हे. त्यावर डोळे मिटून बसणे हा उपाय नाही. संघटना आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हा उपाय आहे. तसेच ज्याचे भय आजाराच्या थराला गेले आहे, त्याने वैद्याकडे गेलेच पाहिजे. विनयाच्या महावग्गात भेसज्जावर स्वतंत्र खंधक आहे, हे ध्यान हाच सर्व रोगांवरील उपाय मानणाऱ्यांनी विसरू नये.

14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या अनेक घरांतील देव नदीत सोडले गेले. पण अमावास्या, करणी आणि भानामती यांचे भय सर्वच घरांतून गेले, असे म्हणता येणार नाही. देव्हारा एका दिवसात रिकामा करता येतो. मन रिकामे करण्यास अभ्यास लागतो. म्हणून भ्यालेल्या मुलाच्या मनगटाला परित्राणाचा दोरा बांधून आपण थांबत असू, तर ताइताच्या जागी दोरा आला, एवढेच घडले. त्या मुलाचा हात धरून त्याला त्या अंधाऱ्या झाडाखाली न्यावे, पाचोळा कशाने वाजतो ते दाखवावे आणि त्याचे भय शमेपर्यंत त्याच्यासोबत तेथेच उभे राहावे. भयभेरव सुत्ताचे खरे पठण ते हेच.