वक्त्याच्या मुखापासून श्रोत्याच्या कानापर्यंत

पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव यास ऐकूं कमी येई. त्याच्याकरितां लंडनच्या एफ. सी. रेन यांच्या पेढीनें १८१९ सालीं एक सिंहासन तयार केलें. सिंहासनाच्या दोन्ही हातांच्या टोकांस उघड्या जबड्यांचे सिंह कोरलेले होते. ते जबडे पोकळ असून त्यांत शिरलेला आवाज आसनाच्या आंतून एका नळीवाटें राजाच्या कानाशीं पोहोंचत असे. अर्जदारानें गुडघे टेकावे, सिंहाच्या तोंडाशीं तोंड न्यावें आणि आपलें गाऱ्हाणें सांगावें, अशी योजना होती. त्या काळीं हा राजा दरबारासह ब्राझिलांत रिओ-द-जानेरो येथें राहत होता आणि आपल्या गोमंतकावरही त्याचीच सत्ता चालत होती. राजाचें बहिरेपण झांकण्याची ही युक्ति मोठी चतुर म्हटली पाहिजे. गुडघे टेकणें हा दरबारचा शिष्टाचारच. तो राजाच्या मानासाठीं कीं कानासाठीं, हें विचारणार कोण?

परंतु या सिंहासनांतून एका वेळीं एकच माणूस राजाशीं बोलूं शके. भोंवतीं दहा मानकरी आपसांत बोलत असले तर त्यांचे शब्द सिंहाच्या मुखांत शिरत नसत. ऐकूं कमी येणाऱ्या मनुष्याची खरी अडचण हीच आहे. एकाशीं त्याला कसेंबसें बोलतां येतें. मंडळींत मात्र तो बसलेला असूनही नसल्यासारखा होतो. व्याख्यान, कीर्तन, नाटक, सभा, प्रार्थना यांतून तो हळूहळू आपण होऊन उठून जातो आणि घरचीं माणसें समजतात कीं म्हाताऱ्याला आतां गर्दी आवडत नाहीं.

इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो (१८०२–१८७६) हिला हा अनुभव तरुणपणींच आला. ती कानाला कर्णा लावून ऐकत असे, आणि तो चारचौघांत उघडपणें वापरण्याचें धैर्य तिनें दाखविलें. १८३४ सालीं तिनें आपल्यासारख्यांना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केलें. लाज बाजूस ठेवून साधन हातीं घ्यावें, हा त्यांतला आग्रह आहे. त्याच वर्षीं ती अमेरिकेच्या प्रवासास निघाली. सामान्य संभाषणांत आपलें जें नुकसान होतें तें दोघांच्याच बोलण्यांत भरून निघतें, कारण कर्ण्याशीं येणारा माणूस अधिक मोकळेपणानें बोलतो, असें तिचें म्हणणें होतें. हा समजूतदारपणा खराच. पण त्यांत एक हार मान्य केलेली आहे. मंडळींतलें बोलणें कोणीं काय म्हटलें हें आपण होऊन कधीं विचारावयाचें नाहीं, असा नियमच तिनें स्वतःला घालून घेतला होता. यावरून त्या हारेची किंमत कळते.

कर्ण्याला सभा कां पेलत नाहीं, याचें कारण आवाजाच्या स्वभावांत आहे. मोकळ्या जागेंत वक्त्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं त्याचा आवाज ६ डेसिबलनें उतरतो. म्हणजे १ मीटरवर जो आवाज आहे तो ८ मीटरवर १८ डेसिबलनें उतरलेला असतो. पंखे, खुर्च्या, खोकले आणि कुजबूज यांचा गोंगाट मात्र श्रोत्याच्या भोंवतींच असल्यामुळें तो कमी होत नाहीं. त्यांत भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनि येऊन मिसळतो. निरोगी कान या गर्दींतून शब्द निवडून काढतो. अंतःकर्णाला इजा झालेल्या मनुष्याची ही निवडण्याची शक्तीच पुष्कळदां गेलेली असते. त्याच्या कानापाशीं असलेलें कोणतेंही यंत्र, कर्णा असो वा महागडें विजेचें साधन असो, शब्दांबरोबर गोंगाटही वाढवून देतें. म्हणून “जरा मोठ्यानें बोला” हा उपाय सभेंत फुकट जातो. खरा उपाय म्हणजे यंत्राचा कान वक्त्याच्या मुखाशीं नेणें आणि तेथून तो आवाज मधलें अंतर टाळून श्रोत्याच्या कानांत सोडणें.

असें करतां येतें हें प्रथम लोकांनीं पाहिलें तें करमणुकीखातर. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडले, आणि दूरच्या प्रदर्शनांत लोक दोन्ही कानांस नळ्या लावून गाणें ऐकण्यासाठीं रांगा लावूं लागले. पुढें याचाच धंदा झाला. बहिऱ्यांच्या उपयोगास तें तत्त्व आणण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील मिलर रीझ हचिसन यास द्यावें लागतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानें कोळशाच्या कणांचा ध्वनिग्राहक आणि बॅटरी जोडून विजेवर चालणारें श्रवणयंत्र केलें. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिला ऐकूं कमी येई. तिनेंही तें वापरून पाहिलें. याच हचिसननें मोटारींचा तो कर्कश ‘क्लॅक्सन’ भोंगाही काढला, तेव्हां लोकांचे कान आधीं बिघडवून मग त्यांना यंत्रें विकावयाचा त्याचा बेत आहे, अशी थट्टा होत असे. पुढें तो एडिसनचा प्रमुख अभियंता झाला, आणि एडिसन स्वतः बहिराच होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं चर्चमध्यें धर्मोपदेशकाच्या व्यासपीठावर असे ग्राहक बसवून तारांनीं ठराविक बांकांशीं कानाचे चोंगे जोडण्यांत आले. शब्द स्पष्ट येऊं लागले. पण आतां बहिऱ्या मनुष्यानें कुटुंब सोडून त्या विशिष्ट बांकावर बसावयाचें, आणि तो तेथें बसला कीं साऱ्या मंडळीला त्याचें व्यंग कळावयाचें. मार्टिनोनें कर्ण्याची लाज सोडली. सर्वांना तें साधत नाहीं. पुष्कळ चोंगे खुंटीवरच राहिले असतील तर नवल नाहीं.

तारेचें हें दावें सोडविण्याची सर्वांत सुंदर युक्ति लंडनच्या जोसेफ पोलिआकॉफ यानें काढली. १९३७ सालीं त्याला तिचें पेटंट मिळालें. सभागृहाच्या कडेनें तारेचा एक फेरा घालावयाचा आणि वक्त्याचा आवाज विजेच्या प्रवाहाच्या रूपानें त्यांतून सोडावयाचा. त्या प्रवाहाबरोबर चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतें. श्रोत्याच्या श्रवणयंत्रांत एक चिमुकलें वेटोळें असलें कीं तें त्या क्षेत्रांतून आवाज पुन्हा उभा करतें. श्रोत्याला दुसरें कांहीं घ्यावें लागत नाहीं. बटण फिरवावयाचें आणि फेऱ्याच्या आंत हवें तेथें बसावयाचें. शेजारच्यालाही पत्ता लागत नाहीं. आजही देवालयें, नाट्यगृहें आणि टपालाच्या खिडक्या यांसाठीं ब्रिटनमध्यें हीच पद्धत रूढ आहे. तिचे दोषही स्वभावसिद्ध आहेत. जमिनींतील लोखंड क्षेत्राला खाऊन टाकतें, जवळच्या विजेच्या जोडण्या गुणगुणूं लागतात, आणि भिंतीपलीकडच्या खोलींतही व्याख्यान ऐकूं जातें. शिवाय ज्याच्या यंत्रांत वेटोळें नाहीं त्याला तो फेरा मुका आहे.

यांच दशकांत दुसऱ्या एका जातीच्या बहिरेपणावर प्रयोग चालले होते. कान चांगले असूनही परभाषा न कळणें हेंही सभेंत बहिरेपणच. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन यांची कल्पना आणि गॉर्डन फिन्ले यांचें यंत्रकौशल्य यांच्या योगानें १९२७ सालीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेंत चोंग्यांतून भाषांतर ऐकविण्यांत आलें. २० नोव्हेंबर १९४५ रोजीं न्यूरेंबर्गचा खटला उभा राहिला तेव्हां न्यायाधीश, वकील, आरोपी आणि वार्ताहर सर्वांच्याच डोक्यांवर चोंगे होते. पांच मार्गांपैकीं एकावर मूळ भाषण आणि चारांवर इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि रशियन; आसनाजवळची कळ फिरवून ज्यानें त्यानें आपली भाषा निवडावयाची. बोलणारा घाई करूं लागला कीं पिवळा दिवा लागे. तांबडा लागला कीं त्यानें थांबावयाचें. या खटल्याच्या इतिहासांत त्या दिव्यांकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. पण कानांनीं कमी पडणाऱ्याच्या सोयीसाठीं वक्त्यानें आपली गति आवरली पाहिजे, हा नियम एका मोठ्या न्यायालयानें तेथें पाळला. आणखी एक गोष्ट: जेथें सर्वांनाच चोंगा लावावा लागतो तेथें कोणाच्याही चोंग्याकडे बोट दाखविलें जात नाहीं.

१९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५२ च्या अखेरीस तो श्रवणयंत्रांत आला. यंत्रें आणखी लहान झालीं, आणि त्यांच्याबरोबर सभेचें साधनही भिंतीवरून उतरून पेटींत बसलें. अमेरिकेंत ७२ ते ७६ मेगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा अशा साधनांसाठीं मोकळा झाला. शिक्षिकेच्या गळ्यांत लहानसा ध्वनिग्राहक आणि प्रेषक, मुलाच्या अंगावर ग्राहक-यंत्र. पूर्वीं बांकाशीं तारेनें बांधलेलें मूल आतां वर्गांत हिंडूं लागलें, आणि शिक्षिका फळ्याकडे वळली तरी तिचा आवाज त्याच्या कानाशींच राहूं लागला. ‘सुवाह्य’ या शब्दाचा खरा अर्थ येथें उघड झाला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत अवरक्त किरणांवर चालणारीं साधनें आलीं. हे किरण प्रकाशाप्रमाणेंच भिंतीपाशीं थांबतात. त्यामुळें न्यायालयें, गुप्त बैठका आणि शेजारींशेजारीं असलेलीं नाट्यगृहें यांना तीं मानवलीं. उन्हांत मात्र त्यांचा निभाव लागत नाहीं.

आज एखादी संस्था व्याख्यानमालेसाठीं किंवा सहलीसाठीं असें साधन घेऊं लागली तर तिच्यापुढें हा सारा इतिहास दुकानाच्या फळीवर एकत्र मांडलेला असतो. किंमतीवरून किंवा डब्याच्या रंगावरून निवड करणें हा त्यांतला सर्वांत वाईट मार्ग. मंडळी बसलेली आहे कीं चालणारी, हा पहिला प्रश्न. लेण्यांत, संग्रहालयांत, कारखान्यांत मार्गदर्शकामागून फिरणाऱ्या घोळक्याला रेडिओलहरींखेरीज दुसरें चालत नाहीं. तेथें तारेचा फेरा कोठें घालणार आणि किरण कोपऱ्यावरून कसे वळणार? दर आठवड्याला त्याच दिवाणखान्यांत भरणाऱ्या वाचनमंडळाला गालिच्याखालचा फेरा स्वस्त आणि सुखाचा पडतो. जेथें बोलणें बाहेर जाऊं नये तेथें अवरक्त किरण बरे, कारण साध्या रेडिओलहरी रस्त्यावरच्यालाही ऐकूं येऊं शकतात. परदेशांतून पेटी मागविणाऱ्यांनीं हेंही ध्यानीं ठेवावें कीं लहरींची वांटणी प्रत्येक देशाची निराळी असते. अमेरिकेंत मोकळा असलेला पट्टा भारतांत मोकळा असेलच असें नाहीं.

दुसरा प्रश्न श्रोत्याच्या कानांत आधींच काय आहे हा होय, आणि तो विचारावयास चालक बहुधा विसरतात. ज्याच्या श्रवणयंत्रांत वेटोळें आहे त्याला गळ्यांत घालावयाचा एक लहान फेरा ग्राहक-यंत्रास जोडून दिला कीं पुरे. त्याला आपलें यंत्र काढावें लागत नाहीं. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याला साधा चोंगा हवा. हल्लींचीं कित्येक श्रवणयंत्रें इतकीं लहान झालीं आहेत कीं वेटोळ्याला त्यांत जागाच उरली नाहीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं ब्लूटूथची ‘ऑराकास्ट’ ही नवी पद्धत २०२२ सालीं जाहीर झाली. तिच्यांत एका प्रेषकाचा आवाज हवे तितके श्रोते आपापल्या यंत्रांत घेऊं शकतात. ती सर्वत्र रुळेपर्यंत जुन्या पद्धती मोडींत काढणें घाईचें होईल.

नग किती घ्यावे यालाही अमेरिकेनें हिशेब घालून दिला आहे. १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालील २०१० सालच्या नियमांप्रमाणें ५० आसनांपर्यंत २ ग्राहक-यंत्रें, आणि ५०० आसनांपर्यंत त्यापुढील दर २५ आसनांमागें आणखी १. म्हणजे १५० आसनांच्या सभागृहास ६. त्यांपैकीं निदान दोन, आणि २०० हून अधिक आसनें असल्यास एकचतुर्थांश, वेटोळ्याच्या श्रवणयंत्रांशीं जुळणारीं असलीं पाहिजेत. भारतांत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. आणि मुंबईस वांद्र्याला श्रवणदोषांच्या अभ्यासासाठीं अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानें श्रवणदोषामुळें उपचाराची किंवा साहाय्याची गरज असलेल्यांची संख्या जगांत ४३ कोटि धरली आहे. तरीही आपल्या सभागृहांत असे ग्राहक मागणारा श्रोता अपवादानेंच दिसतो. अर्थात् जें ठेवलेलेंच नाहीं तें मागावें कसें, हाही प्रश्न आहे.

उत्तम पेटी घेतली तरी ती फसते ती बहुधा लहानसहान गोष्टींत. आदल्या रात्रीं बॅटऱ्या भारलेल्या नसतात. ग्राहक-यंत्रें देण्यास दाराशीं कोणी बसलेलें नसतें. कानाची आकृति आणि तिच्यावरून गेलेली तिरपी रेघ, ही जगभर मान्य झालेली खूण फलकावर लावलेली नसते. वक्ता खणखणीत आवाजाच्या अभिमानानें ध्वनिग्राहक बाजूस सारतो आणि “मागें ऐकूं येतें ना?” असें विचारतो, ज्यांना येत नाहीं ते उत्तर देत नाहींत, कारण त्यांना प्रश्नच ऐकूं गेलेला नसतो. व्याख्यान संपून प्रश्नोत्तरें सुरू झालीं कीं श्रोत्यांतला एखादा जागेवरूनच विचारतो, वक्ता हंसून उत्तर देतो, सभा हंसते, आणि चोंगे लावलेल्यांच्या कानांत प्रश्नाऐवजीं नुसती शांतता आणि पाठोपाठ एक अर्थहीन उत्तर येतें. यासाठीं अनुभवी चालक एक जादा ध्वनिग्राहक श्रोत्यांत फिरता ठेवतात. तो नसला तर प्रत्येक प्रश्न वक्त्यानें आपल्या तोंडानें पुन्हा म्हणावा आणि मगच उत्तर द्यावें, असें त्यास सभेपूर्वींच सांगून ठेवतात.