विटनी, विल्यम

(१५ मे १९१५ – १७ मार्च २००२). अमेरिकन चित्रपटदिग्दर्शक. मालिकापट (दर आठवड्यास एक याप्रमाणे साधारणतः १२ ते १५ भागांत दाखविले जाणारे साहसपट) व वेस्टर्न चित्रपट यांकरिता प्रसिद्ध. जन्म ओक्लाहोमा राज्यातील लॉटन येथे. चित्रपटव्यवसायातील मेहुण्यामुळे त्याचा मॅस्कॉट पिक्चर्स या चित्रसंस्थेत लहान वयातच प्रवेश झाला. १९३५ मध्ये ही संस्था रिपब्लिक पिक्चर्समध्ये विलीन झाली. द पेंटेड स्टॅलियन (१९३७) या मालिकापटाच्या वेळी वयाच्या एकविसाव्या वर्षीच त्याच्यावर दिग्दर्शनाची जबाबदारी आली.

जॉन इंग्लिश या दिग्दर्शकाच्या सहकार्याने त्याने १९३७ ते १९४१ या काळात सतरा मालिकापट केले. त्यांपैकी द लोन रेंजर (१९३८), झोरोज फायटिंग लीजन (१९३९) आणि ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल (१९४१) हे विशेष गाजले. शेवटच्या मालिकापटात लायडेकर बंधूंनी तारेवरून सोडलेला पुतळा आणि डेव्हिड शार्प या साहसपटूच्या उड्या यांच्या संकलनातून नायकाच्या उड्डाणाचा आभास निर्माण केला आहे.

पूर्वी मारामारीचे दृश्य बहुधा सलग चित्रित होई. त्यामुळे साहसपटू लवकर थकत व ठोशांचा मेळ बसत नसे. बझ्बी बर्कली हा नृत्यदिग्दर्शक नृत्याचे लहान लहान तुकडे स्वतंत्रपणे चित्रित करतो, हे पाहून विटनीने तीच पद्धत मारामारीस लावली. प्रत्येक ठोसा आधी ठरवून, तालीम घेऊन तो वेगळा चित्रित करावयाचा व संकलनात सर्व तुकडे जुळवावयाचे, असे तिचे स्वरूप होते. हीच पद्धत पुढे साहसपटांत रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धात तो नौसैनिक दलात (मरीन कोअर) छायाचित्रक होता. युद्धोत्तर काळात त्याने रॉय रॉजर्सचे पंचवीसांहून अधिक वेस्टर्न चित्रपट दिग्दर्शित केले व त्यांतील गाण्यांचे प्राबल्य कमी करून साहसास महत्त्व दिले. स्ट्रेंजर ॲट माय डोअर (१९५६) व मास्टर ऑफ द वर्ल्ड (१९६१) हे त्याचे नंतरचे उल्लेखनीय चित्रपट. बोनान्झा इ. दूरचित्रवाणी-मालिकांतील अनेक भागही त्याने दिग्दर्शित केले. त्याच्या मालिकापटांच्या काळातील आठवणी १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

अल्प खर्च व अपुरा अवधी यांमुळे मालिकापटांत व्यक्तिचित्रणास फारसा वाव नव्हता. समीक्षकांनीही ते बालरंजन म्हणून दीर्घकाळ उपेक्षिले. तथापि याच मर्यादांमुळे कथनाचा भार हालचालीवर पडला आणि तेथेच विटनीचे कौशल्य प्रकट झाले. क्वेंटिन टॅरंटिनोसारख्या उत्तरकालीन दिग्दर्शकाने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. कॅलिफोर्निया राज्यातील जॅक्सन येथे त्याचे निधन झाले.